यादीत नाव आले, पदरात काय?

1995 साली संसदेने अपंग व्यक्तींसाठी देशातला पहिला सर्वंकष कायदा केला. समान संधी, हक्कांचे संरक्षण, पूर्ण सहभाग असे सगळे त्याच्या लांबलचक नावातच होते. व्याख्येत अपंगत्वाचे सात प्रकार दिले होते: अंधत्व, क्षीण दृष्टी, बरा झालेला कुष्ठरोग, श्रवणदोष, अस्थिव्यंग, मतिमंदत्व आणि मानसिक आजार. स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, या सातांत नव्हती.

सरकारी व्यवहारात यादीत नसणे म्हणजे काय, हे रेशनकार्डापासून सातबाऱ्यापर्यंत कागदांशी झगडलेल्या माणसाला वेगळे सांगायला नको. यादीत नाही म्हणून प्रमाणपत्र नाही, प्रमाणपत्र नाही म्हणून सवलत नाही, शिष्यवृत्ती नाही, राखीव जागा नाही. पालकांनी मग आपली वाट काढली. मुलाची बुद्ध्यांक चाचणी करून घ्यायची आणि ‘मतिमंद’ या रकान्यात नाव घालून घ्यायचे. ज्याचा बुद्ध्यांक सत्तरच्या खाली भरे, त्याचे काम होई. ज्याचा त्याहून वर भरे, पण जो दुकानदाराशी दोन वाक्ये बोलू शकत नसे, वर्गातला गोंगाट सहन न होऊन कान झाकून बाकाखाली जाऊन बसे, त्याच्यासाठी रकानाच नव्हता. आणि ज्यांचे काम झाले त्यांच्याही कागदावर भलतेच लिहिलेले असे. पुढे शाळा निवडताना, शिक्षकाला मूल समजावून सांगताना, तो चुकीचा शब्द आडवा येई.

म्हणून भारतातल्या ऑटिझमविषयक धोरणाची गोष्ट कागदावर नाव चढवण्याच्या खटपटीपासून सुरू होते. ती खटपट वीस-एक वर्षे चालली आणि यशस्वी झाली. नाव चढल्यावर पुढे काय, याची गोष्ट अजून बरीच अर्धवट आहे. ‘राष्ट्रीय ऑटिझम धोरण’ अशा शीर्षकाचा एक सलग दस्तऐवज शोधू गेलो तर हाती दोन कायदे, एक न्यास, आरोग्य खात्याचा एक कार्यक्रम, शिक्षण खात्याचे नियम आणि न्यायालयाचे काही आदेश लागतात. या सगळ्यांना एकत्र वाचायचे काम सरकारने पालकांवर सोडले आहे.

वैद्यकशास्त्रालाही या अवस्थेचे नाव फार उशिरा सापडले. 1943 मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातल्या लिओ कॅनर यांनी अकरा मुलांची वर्णने प्रसिद्ध केली. ही मुले माणसांपेक्षा वस्तूंत रमत, रोजच्या क्रमात जरा बदल झाला की कासावीस होत, आणि भाषा आली तरी ती संवादासाठी वापरत नसत. पुढच्याच वर्षी व्हिएन्नात हान्स अ‍ॅस्परगर यांनी अशाच, पण बोलक्या मुलांविषयी लिहिले. त्यानंतरची दोन दशके मात्र आयांच्या वाट्याला वाईट गेली. आईच्या थंडपणामुळे मूल आपल्या कोशात जाते, असे बडे बडे तज्ज्ञ सांगू लागले. ते खोडून काढणारे बर्नार्ड रिमलंड हे मानसशास्त्रज्ञ होते आणि ऑटिस्टिक मुलाचे वडीलही. 1964 मधल्या पुस्तकात त्यांनी ऑटिझमचे मूळ मेंदूच्या जडणघडणीत आहे, असे पुराव्यानिशी मांडले. लंडनमध्ये 1979 साली ज्युडिथ गुल्ड यांच्यासह कँबरवेल भागातल्या मुलांचा अभ्यास करून ऑटिझमची व्याप्ती रुंदावणाऱ्या लॉर्ना विंग याही ऑटिस्टिक मुलीच्या आई होत्या. आज आपण ‘स्पेक्ट्रम’ म्हणतो, म्हणजे अजिबात न बोलणाऱ्या मुलापासून अभियांत्रिकीची पदवी घेतलेल्या पण मुलाखतीत गोठून जाणाऱ्या तरुणीपर्यंतचा पट, ती कल्पना त्यांची.

आपल्याकडे आईला दोष द्यायला कुणाच्या सिद्धान्ताची गरज कधी पडली नाही. गरोदरपणी काय खाल्लेस, कुणाची नजर लागली, नोकरी करायची कशाला होती, आणि आता नवीन, मोबाईल हातात दिलासच का. मोबाईलने ऑटिझम होतो हे सिद्ध झालेले नाही. त्याने आधीच मागे असलेल्या मुलाचे बोलणे-खेळणे आणखी कमी होऊ शकते, एवढे खरे. दोषाच्या जोडीला दिलासाही असतोच, आणि तो जास्त घातक: “याचा बाप पण उशिराच बोलला होता.” त्या एका वाक्यावर घरातली दोन-दोन वर्षे निघून जातात, आणि नेमकी तीच वर्षे सर्वांत मोलाची असतात.

भारतात पहिली हालचाल केली ती पालकांनीच. 1991 साली दिल्लीत मेरी बरुआ यांनी इतर पालकांना बरोबर घेऊन ‘अ‍ॅक्शन फॉर ऑटिझम’ ही संस्था काढली. त्यांचा स्वतःचा मुलगा ऑटिस्टिक आहे. काही वर्षांतच संस्थेची ‘ओपन डोअर’ ही शाळा सुरू झाली आणि त्याबरोबरच शिक्षक घडवण्याचा अभ्यासक्रमही, कारण शाळा काढली तरी शिकवायला माणसे कुठून आणायची हा प्रश्न पहिल्या दिवसापासून होता. मुंबईत पालकांनी ‘फोरम फॉर ऑटिझम’ उभा केला. 2001 मध्ये डॉ. विभा कृष्णमूर्ती यांनी ‘उम्मीद’ हे बालविकास केंद्र सुरू केले. पुण्यात ‘प्रसन्न ऑटिझम सेंटर’सारखी ठिकाणे झाली. ही यादी आणखी लांबवता येईल, पण तिच्यात तालुक्यांची नावे फारशी येणार नाहीत.

पालकांच्या पाठपुराव्याला पहिले मोठे यश 1999 च्या डिसेंबरात मिळाले. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता असलेल्या व्यक्तींच्या कल्याणासाठी राष्ट्रीय न्यासाचा कायदा झाला आणि ऑटिझम हे नाव प्रथमच भारताच्या कायद्यात, तेही थेट शीर्षकात आले. ज्या माणसाला आपला कारभार स्वतः पाहणे अवघड जाते, त्याच्या आईवडिलांच्या मागे त्याचे काय, हा या कायद्याचा गाभा. म्हणून पालकत्व नेमून देणारी जिल्हा पातळीवरची समिती त्यात आहे. जिल्हाधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा एक प्रतिनिधी आणि एक अपंग व्यक्ती असे तिघे तिच्यात असतात. न्यासाच्या खर्चासाठी केंद्राने एकदाच 100 कोटी रुपयांचा कायम निधी दिला. मुद्दल तसेच ठेवायचे आणि कामे व्याजातून चालवायची. सगळ्या देशासाठी, चार प्रकारच्या अपंगत्वांसाठी. व्याजावर मंडळाचा गणेशोत्सव होतो, पगारी माणसे नेमून वर्षानुवर्षे सेवा चालवणे होत नाही, हे तेव्हाही कळण्यासारखे होते.

तरी न्यासाने काही उपयोगी योजना काढल्या. लहान मुलांसाठी ‘दिशा’ केंद्रे, मोठ्यांसाठी दिवसभराची ‘विकास’ केंद्रे, काळजी घेणाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी ‘सहयोगी’, निवासासाठी ‘घरौंदा’. सर्वांत जास्त घरांत पोहोचली ती ‘निरामय’ ही आरोग्य विमा योजना. वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण, आधी वैद्यकीय तपासणी नाही, आणि रुग्णालयात दाखल न होता केलेल्या थेरपीचाही काही खर्च मिळतो. खासगी विमा कंपन्या ज्यांना दारात उभे करत नव्हत्या, त्यांच्यासाठी हे मोठेच होते. पण हिशेब करून पाहू. थेरपीच्या एका सत्राचे 600 रुपये धरा, आणि आठवड्याला तीन सत्रे. वर्षाचे 93,600 रुपये होतात. यात शाळेची फी नाही, रिक्षाभाडे नाही, मुलाला न्यायला-आणायला आईने सोडलेली नोकरी नाही. आणि विम्याच्या एक लाखात थेरपीच्या वाट्याला येणारी रक्कम ठरावीक मर्यादेतच असते. प्राप्तिकरात 75,000 रुपयांची, आणि अपंगत्व 80 टक्के किंवा अधिक असल्यास 1,25,000 रुपयांची वजावट आहे. ती जुनी करप्रणाली निवडणाऱ्यालाच मिळते, आणि मुळात कर भरण्याइतके उत्पन्न असणाऱ्याला. ऊसतोड करणाऱ्या आईला तिचा उपयोग काय?

राष्ट्रीय न्यासाच्या कायद्यात नाव आले तरी 1995 च्या कायद्यातली यादी सातांचीच राहिली. म्हणजे न्यासाला ऑटिझम मान्य, आरक्षण आणि सवलती देणाऱ्या कायद्याला अमान्य, अशी दुहेरी अवस्था पुढे सोळा-सतरा वर्षे टिकली. मधल्या काळात बाहेरून रेटा आला. अपंगांच्या हक्कांच्या संयुक्त राष्ट्रसंघाच्या करारनाम्याला भारताने 1 ऑक्टोबर 2007 रोजी मान्यता दिली. त्याच वर्षाअखेर कतारच्या पुढाकाराने 2 एप्रिल हा जागतिक ऑटिझम जागृती दिन ठरला. 2011 च्या जुलैत ढाक्याला दक्षिण आशियातल्या देशांची परिषद होऊन एक जाहीरनामाही निघाला. अशा जाहीरनाम्यांनी सेवा उभ्या राहत नाहीत, पण मंत्रालयातल्या फायलीवर एक तारीख पडते.

शेवटी 2016 च्या डिसेंबरात दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा नवा कायदा मंजूर झाला आणि 19 एप्रिल 2017 पासून लागू झाला. सातांचे एकवीस प्रकार झाले आणि ऑटिझम स्पेक्ट्रम डिसऑर्डर त्यांत स्वतंत्रपणे आला. सरकारी नोकऱ्यांतले आरक्षण चार टक्के झाले. त्यातला एक टक्का ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता यांना मिळून आहे. उच्च शिक्षणात पाच टक्के जागा ठेवल्या, सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला. कायदा म्हणून वाचले तर हे प्रकरण चांगलेच आहे.

आता हक्क मिळवायचा तर मोजमाप आले. लंगडणाऱ्या पायाचे टक्के काढता येतात; डोळ्याला डोळा न भिडवण्याचे टक्के कसे काढायचे? त्यासाठी राष्ट्रीय न्यासाच्या पुढाकाराने सिकंदराबादच्या, बौद्धिक अक्षमतेवर काम करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेत ‘इसा’ ही भारतीय मोजपट्टी तयार झाली आणि 2009 मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात चाळीस बाबी आहेत: नजर देणे, हाकेला प्रतिसाद, एकच शब्द घोळवत राहणे, अकारण हसणे-रडणे, आवाजाचा किंवा स्पर्शाचा त्रास, ठरलेल्या क्रमाचा हट्ट अशा. प्रत्येकीला एक ते पाच गुण. सत्तरच्या आत बेरीज असेल तर ऑटिझम नाही, 70 ते 106 सौम्य, 107 ते 153 मध्यम, त्यावर तीव्र. एप्रिल 2016 मध्ये केंद्राने हीच मोजपट्टी प्रमाणपत्रासाठी अधिकृत केली आणि मग टक्केवारी ठरू लागली. कायद्यातले बहुतेक लाभ 40 टक्क्यांपासून पुढे मिळतात.

परदेशी चाचण्या महागड्या, त्यांची चित्रे-खेळणी परकी, आणि त्या वापरण्याचे प्रशिक्षण मोजक्या शहरांत. त्या तुलनेत आपली, साधी, अर्ध्या तासाच्या आत होणारी मोजपट्टी असणे ही मोठी गोष्ट आहे आणि ती करणाऱ्यांना श्रेय द्यायला हवे. माझा आक्षेप तिच्यावर लादलेल्या ओझ्यावर आहे. निदान करायला बनवलेल्या साधनाने गरज मोजायची, आणि गरजेवरून पैसे व सवलती ठरवायच्या, असे तीन वेगळे प्रश्न एकाच बेरजेने सोडवले जातात. सौम्य गुण मिळालेला मुलगा दहावीपर्यंत ठीक चालतो आणि कॉलेजच्या पहिल्या वर्षी, वेळापत्रक रोज बदलू लागले की कोलमडतो. त्याला त्या वर्षी एका समंजस समुपदेशकाची गरज असते. टक्केवारीत ते कुठे दिसत नाही. शिवाय प्रमाणपत्रासाठी सिव्हिल हॉस्पिटलच्या मंडळात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट लागतो, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी ते पद भरलेले असणे हा योगायोग समजावा. मग पालक ठरलेल्या वारी जातात, परत येतात, शेजारच्या जिल्ह्याची वाट धरतात. नवे ठिकाण, अनोळखी वास, रांगेतला गलका यांनी सैरभैर झालेले मूल तपासणाऱ्यासमोर बसते, आणि त्या दहा-वीस मिनिटांत ते जसे दिसेल तसे कागदावर उतरते.

मुळात अशी मुले किती? 2011 च्या जनगणनेत देशात 2.68 कोटी दिव्यांग, म्हणजे लोकसंख्येच्या 2.21 टक्के नोंदले गेले. प्रगणकाच्या तक्त्यात आठ पर्याय होते आणि ऑटिझम त्यांत नव्हता. जे मोजलेच नाही त्यासाठी पदे किती मंजूर करायची, हे अर्थखात्याला कोण सांगणार? ती पोकळी थोडीशी भरली 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने. पाच वेगवेगळ्या भूभागांत घरोघर जाऊन दोन ते नऊ वर्षांची जवळजवळ चार हजार मुले तपासली गेली: हिमाचलातले कांगडा, हरियाणातले पलवल, ओडिशातले धेंकानाल, हैदराबाद शहर आणि उत्तर गोवा. मेंदूच्या विकासाशी निगडित नऊ अवस्थांपैकी एखादी तरी साधारण आठातल्या एका मुलात आढळली. ऑटिझम शंभरात एकाच्या आसपास. शहरी, इंग्रजी शाळेतल्या मुलांचा हा आजार, अशी जी समजूत आपल्याकडे आहे, ती या आकड्यांपुढे टिकत नाही. शहरात तो ओळखला जातो, एवढाच फरक.

ओळखण्याचे काम आरोग्य खात्याने अंगावर घेतले ते राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून, आणि त्याची सुरुवात महाराष्ट्रातून, पालघरहून, फेब्रुवारी 2013 मध्ये झाली. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांत तीस अवस्था शोधायच्या, त्यांत ऑटिझमही आहे. डॉक्टर, परिचारिका, औषधनिर्माता यांचे फिरते पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत जाते. संशय आला की मूल जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवायचे. तिथे बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, वाचा-श्रवणतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, विशेष शिक्षक एका छताखाली असावेत, अशी रचना. आराखडा उत्तम आहे. दुवा तुटतो तो त्यानंतर. गडचिरोलीच्या टोकाकडच्या गावातल्या आईला आठवड्यातून दोनदा जिल्ह्याच्या गावी या, असे सांगणे आणि काहीच न सांगणे यांत फार अंतर नाही. एक मजुरी बुडते, एसटीचे पैसे जातात, घरी दुसरे लहान मूल असते. तिसऱ्या खेपेनंतर ती येत नाही आणि नोंदवहीत ‘पालक अनुत्सुक’ अशी ओळ पडते.

इथे गोव्याची गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण मला ती या प्रकरणातली सर्वांत आशादायक वाटते. इंग्लंडमध्ये ‘पॅक्ट’ नावाची एक पद्धत विकसित झाली होती. तिच्यात थेरपिस्ट मुलावर थेट काम करत नाही. आई किंवा वडील मुलाशी खेळतात, त्याचे चित्रीकरण होते, आणि मग ते थेरपिस्ट आणि पालक मिळून पाहतात. इथे बघा, त्याने गाडी तुमच्याकडे सरकवली, तेव्हा तुम्ही दुसरीकडे बघत होतात. इथे तो ‘बा’ म्हणाला आणि तुम्ही लगेच तीन प्रश्न विचारलेत. जरा थांबला असतात तर? मुलाचे फार बारीक, चुकून दिसणारे इशारे ओळखायला पालक शिकतात, आणि त्याच्या मागोमाग जायला शिकतात. हे काम इंग्लंडात प्रशिक्षित वाचातज्ज्ञ करत. गोव्यात ‘संगात’ या संस्थेने आणि पाकिस्तानात रावळपिंडीच्या संशोधकांनी एक वेगळा प्रश्न विचारला: हे काम तज्ज्ञ नसलेली, पण नीट शिकवलेली आणि देखरेखीखाली असलेली स्थानिक माणसे करू शकतील का?

या प्रयोगाचे निष्कर्ष 2016 मध्ये ‘लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री’त आले. दोन्ही ठिकाणची मिळून 65 मुले, वय दोन ते नऊ. ज्या घरांना ही मदत मिळाली तिथे सहा महिन्यांत बारा सत्रे झाली. पालक मुलाच्या कलाने प्रतिसाद देऊ लागले आणि मुलांचे आपण होऊन संवाद सुरू करण्याचे प्रमाण वाढले. मुले ‘बरी’ झाली असा दावा कुणी केला नाही, आणि सगळ्याच मोजमापांत सुधारणा दिसली असेही नाही. पण जे सिद्ध झाले ते धोरणकर्त्यांनी भिंतीवर लावून ठेवावे असे आहे: पहिली मदत पोहोचवायला प्रत्येक तालुक्याला तज्ज्ञ मिळेपर्यंत थांबायची गरज नाही. भांडण असलेल्या दोन देशांत एकाच वेळी हे दिसले, ही त्यातली आणखी एक गंमत.

आपल्याकडे आशा आणि अंगणवाडी सेविका घरोघर जातात. 2023 च्या नोव्हेंबरात महिला व बालविकास मंत्रालयाने दिव्यांग मुलांसाठी अंगणवाडीची कार्यपद्धती जाहीरही केली. अडचण अशी की प्रत्येक नवी कल्पना त्याच सेविकेच्या पदरात पडते. पोषण आहार, वजनकाटा, लसीकरणाची यादी, निवडणुकीचे काम आणि आता हेही, तेही मानधनावर. गोव्यातल्या कार्यकर्त्यांना हे एकच काम होते, मागे देखरेख करणारा माणूस होता आणि पगार होता. प्रयोगातली पद्धत उचलायची आणि हे तीन घटक मागे ठेवायचे, असे केले तर प्रयोग फसला म्हणायला आपण मोकळे.

जिथे सेवा पोहोचत नाही तिथे बाजार पोहोचतो. स्टेम सेल उपचाराने ऑटिझम बरा होतो, असे सांगून लाखोंची पॅकेजे विकणारी दुकाने मोठ्या शहरांत वर्षानुवर्षे चालली. डिसेंबर 2022 मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नीतिमत्ता मंडळाने ऑटिझमसाठी असा उपचार शिफारसयोग्य नाही आणि तो देणे व्यावसायिक गैरवर्तन ठरेल, असे स्पष्ट केले. जमीन गहाण टाकून आलेल्या बापाला मूर्ख म्हणणे सोपे आहे. सरकारी केंद्रात कुणी त्याला आधी नीट बसवून, तुमच्या मुलाला काय आहे आणि काय करता येईल, हे सांगितले असते तर तो तिथवर गेला असता का, हा प्रश्न आधी विचारावा.

शाळेचे तसे नाही. तिथे कायदा लांबलचक आहे. शिक्षण हक्क कायद्यात 2012 मध्ये दुरुस्ती होऊन दिव्यांग मुले वंचित गटात आली. खासगी शाळांतल्या पंचवीस टक्के जागांच्या सोडतीत त्यांना स्थान मिळाले, आणि तीव्र अपंगत्व असलेल्यांना घरी शिकण्याचा पर्यायही. राज्य मंडळाच्या परीक्षांत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती आहेत. पण वर्गात समजून शिकवणारे कोण? ऑक्टोबर 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विशेष शिक्षकांचे प्रमाण ठरवून देण्याचे आदेश दिले: प्राथमिकला दहा दिव्यांग मुलांमागे एक, त्यापुढे पंधरांमागे एक. 2025 च्या मार्चमध्ये न्यायालयाला पुन्हा सांगावे लागले की राज्यांनी आधी पदे मंजूर करून जाहीर तरी करावीत. तोवर अनेक शाळांत सोय झाली आहे ती ‘शॅडो टीचर’ची, म्हणजे मुलाशेजारी बसणाऱ्या मदतनीस बाईंची, आणि तिचा पगार पालक देतात. हक्काचे शिक्षण मोफत, सावली विकत.

महाराष्ट्राने 3 डिसेंबर 2022 रोजी दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग सुरू केला. चांगलेच झाले. पण मुलाला अंगणवाडीत महिला व बालविकास पाहते, तपासणी आणि प्रमाणपत्र सार्वजनिक आरोग्य, नेहमीची शाळा शालेय शिक्षण, विशेष शाळा दिव्यांग कल्याण. चार खात्यांची चार दारे. मूल सहा वर्षांचे होऊन अंगणवाडीतून शाळेत गेले की त्याची आधीची फाईल त्याच्या मागून जात नाही. आई पुन्हा पहिल्यापासून सांगायला बसते.

या बाबतीत इंग्लंडकडून घेण्यासारखे एक आहे. तिथे 2009 साली खासदार शेरिल गिलन यांच्या खासगी विधेयकातून ऑटिझम कायदा झाला. एकाच अपंगत्वासाठी झालेला तिथला तो पहिला कायदा, जेमतेम काही पानांचा. त्यात सवलतींची यादी नाही. प्रौढ ऑटिस्टिक व्यक्तींसाठी सरकारने 1 एप्रिल 2010 पर्यंत रणनीती प्रसिद्ध करायची, मग स्थानिक संस्थांना आणि आरोग्यसेवेला बंधनकारक मार्गदर्शन द्यायचे, आणि रणनीतीचा आढावा घेत राहायचा. कुणी काय केव्हापर्यंत करायचे, याचा नुसता बांध घातला. त्यानुसार 2010, 2014, 2021 अशी धोरणे आली, मुले तर 2021 मध्ये प्रथमच त्यांत आली. एवढे होऊनही तिथे निदानाच्या रांगेत आज दोन लाखांहून जास्त लोक आहेत. बांधाने पाणी निर्माण होत नाही. मात्र ती रांग मोजली जाते, दर काही महिन्यांनी छापली जाते आणि तिच्यावरून मंत्र्याला प्रश्न विचारता येतो. आपल्याकडे तपासणीची वाट पाहणारी मुले किती, हे राज्याच्या पातळीवर कुणाला ठाऊक असेल तर त्याने जाहीर करावे.

इंग्लंडने सुरुवात प्रौढांपासून केली हेही ध्यानात घेण्याजोगे. आपली सगळी यंत्रणा अठराव्या वर्षाच्या आत मावते. बाल स्वास्थ्य कार्यक्रम अठराला संपतो, मोफत शिक्षण अठराला संपते, विशेष शाळाही त्याच सुमारास हात वर करतात. माणूस मात्र पुढे पन्नास वर्षे जगतो. अठरा पूर्ण झाले की कायद्याने तो सज्ञान, आणि मग बँकेत खाते उघडताना, मिळकतीची वाटणी होताना अडचण उभी राहते: सही कोण करणार? आईवडील नैसर्गिक पालक होते, ते आता कायद्याने तसे राहिले नाहीत. राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे अर्ज करून कायदेशीर पालक नेमून घ्यावा लागतो. पालकाने सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि दरवर्षी हिशेब द्यायचा असतो. समितीने तीन महिन्यांतून एकदा बसावे असे कायदा म्हणतो. दुष्काळ, निवडणुका, मोर्चे यांतून जिल्हाधिकाऱ्यांना ती बैठक आठवली पाहिजे.

आणि इथेच दोन कायदे एकमेकांशी बोलत नाहीत. 1999 चा कायदा माणसासाठी पालक नेमतो. तो पालक त्याची काळजी घेतो आणि मालमत्ता सांभाळतो. 2016 चा कायदा ‘मर्यादित पालकत्व’ म्हणतो. म्हणजे एका ठरावीक निर्णयापुरती, ठरावीक मुदतीपुरती साथ, तीही परस्पर विश्वासाने आणि त्या माणसाच्या इच्छेप्रमाणे. बोलून न सांगणारा तीस वर्षांचा मुलगा आपल्या भावाकडे राहायला नाखूश आहे, हे टाईप करून किंवा चित्रावर बोट ठेवून सांगत असेल, तर पहिल्या कायद्याखाली त्याला कुणी विचारलेच पाहिजे असे नाही. दुसऱ्याखाली विचारावे लागेल. दोन्ही कायदे आज लागू आहेत, आणि बहुतेक जिल्ह्यांत अर्ज जुन्या छापील नमुन्यावरच भरला जातो. त्या नमुन्यात पालकाचे नाव, पत्ता, नाते, मालमत्ता यांसाठी जागा आहे. ज्याच्यासाठी पालक नेमायचा, त्याला स्वतःला काय हवे, हे लिहायला त्यात रकाना घातला तर कायदा बदलावा लागणार नाही. एवढे कुठल्याही एका जिल्ह्याला उद्याच्या बैठकीत करता येईल.